बंद पडायच्या आधी

आमची थोरली लेक लिफ्ट दुरुस्त करते. "मुलीची जात आणि लिफ्ट?" असं विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही. दोन मजल्यांच्या मध्ये अडकाल तेव्हा कळेल, एवढंच मनात म्हणते. पस्तिशीला आलीय, लग्न नको म्हणते आणि आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते.

पहिला पगार झाला त्या दिवशीच तिने जाहीर केलं, की ती खोलीचं भाडं देणार आणि वाट्याची कामंही करणार. "स्वतःच्या घरात कसलं गं भाडं?" म्हणून मी गळा काढून पाहिला. "आई, मी पाहुणी नाही आणि कुक्कुलं बाळही नाही," ती म्हणाली. ह्यांना मात्र ते मनापासून पटलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. बायको बसमध्ये चढली तरी तिला तिकीट काढायला लावायचे. मग दर पगाराला ती ह्यांच्या हातावर पैसे ठेवायची, हे "जमा" म्हणायचे आणि दोघं हसायचे. मला त्यातलं कौतुक कधी कळलं नाही, पण बापलेकीच्या मध्ये कोण पडतंय!

भांडी, केर आणि बाजार तिच्याकडे. इथवर सगळं झकास होतं. घोळ केला तो तिच्या नोकरीच्या सवयीने. लिफ्टवाल्यांचा धर्मच असा, की वस्तू बंद पडायच्या आधी बदलायची. दोर झिजायला लागला, बदला. बटण जरा अडखळलं, काढा. बंद पडेपर्यंत वाट बघायची म्हणजे आत कोणीतरी देवाचा धावा करत उभं असणार. तिथे ते ठीकच आहे. पण बाईसाहेबांनी तो धर्म घरी आणला. नळ गळायच्या आधी वायसर नवा, कडी ढिली व्हायच्या आधी स्क्रू पिळलेले. पंखा, गॅसची नळी, इस्त्रीची वायर, एकालाही म्हणून तिने म्हातारं होऊ दिलं नाही.

मी खूष होते. पण ह्यांचं काय? ह्यांचं आयुष्य दोनच गोष्टींत गेलं, बस आणि रविवारची दुरुस्ती. घरात काही बिघडलं की ह्यांना उधाण यायचं. जमिनीवर पेपर पसरायचा, वस्तू खोलायची आणि संध्याकाळपर्यंत घामाघूम व्हायचं. वस्तू चालू व्हायचीच असं नाही, पण घराला मालक आहे हे शेजारपाजाऱ्यांना ऐकू जायचं. निवृत्त झाले तेव्हा आता रोजच रविवार म्हणून स्वारी खुशीत होती. आणि बघतात तर घरात बिघडायला काही शिल्लकच नाही! सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर. हळूहळू बोलणं कमी झालं. चहा हवा असला तर "मिळेल का?" असं विचारायला लागले. हुकूम सोडणारा माणूस असा विचारायला लागला की बायकोने समजावं, काहीतरी बिघडलंय.

म्हणून मी एक उद्योग केला. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं बिजागर मीच सैल केलं आणि ह्यांना हाक मारली. हे चष्मा शोधून पेचकस घेऊन येईपर्यंत थोरली कामावरून आली आणि चपला काढायच्या आत दार बसवून मोकळी. वर "बाबा, तुम्ही बसा हो आरामात!" हे पेचकस हातात धरून तसेच उभे. अति तिथे माती म्हणतात ती ही.

पुढच्या पगाराला तिने पैसे पुढे केले तेव्हा ह्यांनी हातच पुढे केला नाही. आत गेले, पेन्शनमधल्या नोटा घेऊन आले आणि तिच्यासमोर ठेवल्या.

"हे काय, बाबा?"

"माझं भाडं. मी पण राहतोच की इथे. काम तर काही करत नाही."

ती हसली. मग ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू तिथेच विरलं.

"बाबा, घर तुमचं आहे."

"असेल. कागदावर."

मला रडू आवरेना. थोरलीने त्या नोटा उचलून ह्यांच्या खिशात कोंबल्या आणि भांडी घासायला गेली.

मग काही आठवडे तिने पान्याला हात लावला नाही. तिच्या खोलीचं दार खाली फरशीला घासायला लागलं आणि तिने ते घासू दिलं, तेव्हाच मी ओळखलं. एका सकाळी म्हणाली, "बाबा, दार घासतंय. मला नाही जमत. बघता का?"

जमत नाही म्हणे! मी तोंड फिरवून घेतलं.

ह्यांनी दार उतरवलं, रंधा काढला, दिवसभर भुसा उडवला. तिला नुसतं "धर", "सोड", "अगं, नीट धर!" तिचे हात शिवशिवत होते, पण सांगितलं तेवढंच धरत राहिली. संध्याकाळी दार चढलं. लोण्यासारखं फिरतं, फक्त थांबत नाही. ह्यांनी खालच्याबरोबर बाजूही इतकी तासली की कडी कोंड्यापर्यंत पोचतच नाही.

आता कपडे बदलायचे तर थोरली आतून खुर्ची टेकवते. लिफ्टचं दार बोटभर उघडं राहिलं तर अख्खी इमारत खोळंबवून ठेवणारी ही मुलगी! परवा हे बाहेर गेलेले बघून मी म्हटलं, "अगं, तुझं पाच मिनिटांचं काम. घे उरकून."

"हात लावू नकोस, आई," ती म्हणाली. "ते बाबांनी केलंय."