चांदसूर्याच्या आईची ओटी

आता लोनाडला लोक गाड्या करून जातात, फोटो काढतात. सत्तर-बाहत्तरच्या सुमाराला आम्ही जायचो, तेव्हा वाटेत भेटले तर कुणाचे तरी बैल भेटायचे. टेकडीत कोरलेली लेणी, खाली शंकराचं काळ्या दगडाचं पडकं देऊळ. भिंतीवरच्या मूर्तींची नाकं झिजलेली, पण हात लावला की भर उन्हातही दगड गार लागायचा. माझं माहेर भिवंडीत, लूमच्या खडखडाटात वाढलेली मी. तिथं बसलं की उठावंसं वाटायचं नाही बघा.

सासूबाईंना मात्र लेण्यांचं काही नव्हतं. त्या जायच्या त्या वाटेवरच्या एका उभ्या दगडासाठी. कमरेएवढा दगड, वर चंद्र-सूर्य कोरलेले, मध्ये झिजलेली अक्षरं, बाकीचा जमिनीत. आमच्याकडच्या बायका त्याला चांदसूर्याची आई म्हणायच्या नि शेंदूर लावायच्या.

माझं दोनदा पोट पडलं होतं. तिसऱ्यांदा दिवस गेले नि पाचवा लागला, तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलेना. शुक्रवारी लूम बंद, ह्यांना सुट्टी. ओटी भरायला हेही बरोबर निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "बाप्यांचं काम न्हाय ते. आमी दोघी जातो." हिरवा खण, तांदूळ, नारळ घेऊन निघालो.

जाऊन बघतो तर दगडापाशी एक चष्मेवाले गृहस्थ उकिडवे बसलेले. मुंबईहून आले होते जुनी कोरीव कामं बघायला. एका हातात वही, दुसऱ्या हातात ब्रश. शेंदूर खरवडलेला, पायथ्याची माती उकरलेली.

"ओ भाऊ! आईचा शेंदूर काढता? हात झडतील!"

"आजी, ही देवी नाही हो," ते नरमाईनं म्हणाले.

"आजी कुनाला म्हंतो? नातू व्हायचाय अजून मला!"

बिचारे ओशाळले. म्हणाले, याला गधेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी. जुन्या राजानं कुणाला जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. खाली जे कोरलंय ते बायकांनी बघण्यासारखं नाही.

असं म्हटल्यावर कोण बघणार नाही? मी वाकले. एक बाई नि एक गाढव. पुढचं मी काही सांगत नाही.

हसू यायचं ते राहिलं बाजूला, मी खण-नारळ पुन्हा पदराखाली घेतले. आधीच्या दोन्ही खेपेला मी इथंच ओटी भरली होती. म्हणजे मी शिवीपुढं पदर पसरला होता? म्हणून का दोन्ही गेली?

"आई, घरी चला," मी म्हटलं.

सासूबाई हलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "शिवी कुनाला हाय ही?"

"दान दिलेली जमीन जो परत घेईल, त्याला."

"म्हंजे दिलेलं परत घेनाऱ्याला?"

"हो."

"दुसऱ्या कुनाला न्हाय ना?"

"नाही, नाही."

त्या खाली बसल्या. मग दोन्ही हातांनी माती ओढून गाढव झाकलं. "तेवढं झाकलेलंच बरं. सून पोटुशी हाय," म्हणाल्या. शेंदूर लावला, माझ्या हातानं ओटी भरून घेतली, आणि दगडाकडं नाही, वर आभाळाकडं बघून ओरडल्या, "ऐकलंस ना रे? दोनदा दिलंस नि परत नेलंस. आता दिलंस ते दिलंस. हात लावशील, तर ही शिवी तुला!"

गृहस्थ लिहायचे थांबले होते.

"भाऊ, बघत काय बसलाय? नारळ फोडा."

त्यांनी फोडला. खोबरंही खाल्लं.

दिवस भरले नि मला मुलगी झाली. तिचं रडणं ऐकू आल्यावर सासूबाई लगेच आत आल्या नाहीत. आधी अंगणात गेल्या आणि वर बघून म्हणाल्या, "बरा घाबरलास!"