कोटातला मॅनेजर

आष्ट्याच्या मानसिंगने उभ्या आयुष्यात कुणाला चेंडू दिला नाही. साखर कारखान्याच्या संघात तो बारा वर्षे स्ट्रायकर होता आणि त्याचे बहुतेक सगळे गोल आकारामने दिलेल्या चेंडूवर झाले. आकाराम डाव्या बगलेने जीव खाऊन पळायचा आणि चेंडू गोलसमोर टाकायचा. मानसिंग तो जाळ्यात मारून छाती काढत प्रेक्षकांकडे धावायचा. मागे वळून पाहायचा नाही. पेपरात फोटो एकट्याचा.

गुडघे गेल्यावर माणसाने गुमान घरी बसावे. पण मानसिंगने मोबाइलवर जॉर्जिया नावाच्या देशातल्या एका स्ट्रायकरची चित्रफीत पाहिली. तो गडी खेळणे थांबल्यावर कोट चढवून मॅनेजर झाला होता. झाले! मानसिंगने मुलाच्या लग्नातला निळा कोट बाहेर काढला. मुलींच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, म्हणजे त्याचाच मेहुणा, त्यांना गाठले. त्या दिवसापासून कुणी 'कोच' म्हटले तर तो ओ देईना. मॅनेजर म्हणायचे. जॉर्जिया नकाशात कुठे आहे, हे मात्र त्याला विचारायची सोय नव्हती.

आकारामला त्या कोटाचा तिटकारा होता. पण त्याची लेक अंकिता त्याच संघात खेळत होती, म्हणून तो तोंड मिटून मैदानावर फक्कीच्या रेषा मारून द्यायचा.

फेब्रुवारीत शिरवळच्या मुलींशी अंतिम सामना ठरला. राज्याच्या संघासाठी मुली निवडणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम तो पाहायला पुण्याहून येणार होत्या. अंकिताचे हे शेवटचे वर्ष. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

"मानसिंग, पोरीला पयल्यापास्नं उतरव," आकाराम म्हणाला.

"तुला काय कळतंय रं? हुकमाचं पान कुणी आधी टाकतंय व्हय? दुसऱ्या हाफात उतरवतो. जॉर्जियावाला आसंच करतोय."

"त्यो बी मेव्हण्याच्याच क्लबात हाय का?"

मानसिंगने ऐकू न आल्यासारखे केले. ती त्याची जुनी हातोटी.

सामना चारला होता. चारला मैदानाच्या मधोमध सत्कार सुरू झाले. आपल्याकडे पाहुणा उपाशी गेला तरी चालतो, बोडका जाता कामा नये. नगरसेवक, माजी नगरसेवक, कारखान्याचे दोन संचालक, शेवटी मंडपवालासुद्धा. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ, आणि वर प्रत्येकाचे दोन शब्द. मुली ओळीत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मग मानसिंगने माइक धरला आणि आपल्या कारकिर्दीतला एकेक गोल पुन्हा मारून दाखवला. आकारामचे नाव एकाही गोलात आले नाही.

शिट्टी झाली तेव्हा ऊन पलीकडच्या उसाच्या शेंड्यांवर गेले होते. पहिला हाफ संपतासंपता चेंडू दिसेना. मैदानावर दिवे नव्हतेच. पंचांनी खेळ थांबवला, नाणे उडवले आणि चषक शिरवळला गेला. हुकमाचे पान बुटाच्या नाड्या आवळून बाकावरच राहिले.

"आबा, मी उतरलेच न्हाई," एवढेच अंकिता म्हणाली.

आकाराम मॅडमच्या गाडीमागे पळाला. "मॅडम, पोरीला बघितल्याबगार जाऊ नका."

"मी खेळ बघायला आले होते, काका, आणि फेटे बघितले," मॅडम म्हणाल्या. "रविवारी सांगलीहून परतताना याच वाटेने जाईन. चारच्या सुमाराला इथे चेंडू फिरताना दिसला, तर थांबेन."

एवढ्यावर कुणीही शहाणा झाला असता. रविवारी आकाराम फक्कीचे पोते घेऊन आला, तर मैदानात पुन्हा मंडप! मुली पुन्हा ओळीत. मानसिंग कोटात घामाने निथळत माइकवर फुंकर मारत होता.

"आरं, परवा काय झालं इसरलास?"

"तेच तर! परवा समद्यांचा सत्कार केला आन् मॅडमचाच ऱ्हायला. म्हणून रागानं गेल्या त्या. गड्या, माणसं सांभाळाय लागत्यात."

आकारामने फक्कीचे पोते खाली आदळले. असल्या माणसाला आपण बारा वर्षे चेंडू पुरवला, या विचाराने त्याला स्वतःचीच किळस आली.

रस्त्याच्या वळणावर मॅडमची गाडी दिसली. मानसिंग हार घेऊन पुढे झाला. आकारामने चेंडू उचलला, मंडपामागच्या मोकळ्या अर्ध्या मैदानात भिरकावला आणि ओरडला, "पोरींनो, हाणा! मंडपाकडं बघायचं न्हाई!"

मुलींनी क्षणभर मॅनेजरकडे पाहिले आणि ओळ फुटली.

"मुलींनी कृपया ओळ मोडू नये," अध्यक्षांच्या हातातला माइक म्हणाला.

आकाराम स्वतःच डाव्या बगलेने सुटला. पोट हिंदकळत होते, एक चप्पल कधीच उडाली होती. त्याने चेंडू गोलसमोर टाकला. अंकिता बरोबर पोचली. समोर एकटी गोलकीपर. पण तिने मारला नाही. शेजारी मोकळ्या असलेल्या संघातल्या मायाकडे तिने चेंडू सरकवला आणि मायाने तो जाळ्यात घातला. मग अंकिता वळली आणि धापा टाकणाऱ्या बापाकडे बोट करून हसली. गोल झाल्यावर आकारामकडे कुणी वळून पाहण्याची ही पहिलीच वेळ.

मॅडम हार चुकवून थेट फक्कीच्या रेषेपाशी आल्या. "ए, पास देणारी! नाव काय तुझं? मंगळवारी पुण्याला ये, चाचणी आहे."

मंडपात शाल उलगडून तयार होती. फोटोवालाही थांबला होता. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिले आणि ती आपल्या दाजींच्याच खांद्यावर टाकली. मानसिंगने कोटाचे बटण लावले आणि छाती पुढे काढली.