फेसाबाई

आमच्या घरमालकीणबाई मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्या आमच्याच स्वयंपाकघरात जमिनीला गाल लावून आडव्या पडल्या होत्या. माझ्या नवऱ्याला तिरोड्याच्या वीजकेंद्रात काम मिळालं होतं आणि आम्ही त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. सामान उतरवून झालं, मी विहिरीवर पाणी आणायला गेले आणि परत येते तो सिलिंडरच्या मागे ही साठीची बाई. एका हातात साबणाच्या फेसाची वाटी, दुसऱ्या हातात दाढीचा जुना ब्रश. मी दचकून उभी राहिले तर म्हणाल्या, "उभी काऊन राहिली? खाली बस. बुडबुडा दिसते का पाह्य. माह्या डोळ्यांले आता बारीक दिसत नाही."

मी वाकून पाहिलं. रेग्युलेटरच्या तोंडाशी लावलेल्या फेसात एक बुडबुडा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. मावशींनी (पुढे मी त्यांना मावशीच म्हणू लागले) रेग्युलेटर काढला, सिलिंडरच्या तोंडावर टोपण बसवलं आणि गुडघ्यावर हात देत उठल्या. "आतला रबरी वायसर गेला आहे. सिलिंडरवाल्याले बोलाव. तवरी चहा माह्याकडे." नाव, गाव, पोरंबाळं यातलं काही त्यांनी विचारलं नाही. चहा पिताना एवढंच विचारलं, "नळी कोणत्या सालची आहे?"

गल्लीत त्यांना सगळे फेसाबाई म्हणत. कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरत, नळी वाकवून तडा गेलाय का बघत, तिच्यावरचं साल माझ्यासारख्या कुणाकडून वाचून घेत. पाच वर्षं झालेली नळी दिसली की त्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. काडी पेटवून गळती शोधणाऱ्यांवर त्यांचा फार राग. "काडी लावून पाहणारा एकदाच पाहते," असं म्हणत. पोरं त्यांना पाहून "आली फेसाबाई" म्हणून ओरडत. काही बायका त्यांना येताना पाहून दार लोटून घेत. त्याचं मला वाईट वाटे. दार लोटण्याचं कारण निराळं होतं, हे मला पुढे कळलं.

आमच्या स्वयंपाकघराचं दार त्यांनी सुताराकडून खालून दोन बोटं कापून घेतलं होतं आणि तिथे जाळी ठोकली होती. थंडीत त्या फटीतून असा गारवा येई की पाय बधिर होत. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "थंडीनं मरत नाही कोणी. हा गॅस जड असते, बाई. धूर वर जाते, हा खाली बसते. वरची खिडकी उघडून तो जात नाही. त्याले खालून वाट पाहिजे." रविवारी बर्नर काढून पिनेने एकेक भोक मोकळं करायला त्यांनीच शिकवलं. ज्योत पिवळी झाली आणि पातेल्याचं बूड काळं पडलं की म्हणत, "पातेलं कायले घासून राहिली? बर्नर घास."

मला त्यांचा थोडा कंटाळाच यायचा. मग एका सकाळी मी दूध तापत ठेवून पुढच्या दारात आईशी फोनवर बोलत बसले. दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच येत राहिला. वास आला तशी मी आत धावले. वास जावा म्हणून पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तेवढ्यात मनगटावर असा फटका बसला की दोन बांगड्या फुटल्या. मावशी मागच्या दाराने आल्या होत्या. "बटनाले हात नको लावू! जीव द्याचा आहे का तुले?" त्यांनी शेगडी बंद केली, रेग्युलेटर बंद केला, दोन्ही दारं सताड उघडली आणि मला दंडाला धरून अंगणात ओढलं. मनगटातून रक्त येत होतं. मला रडू फुटलं.

त्या दुपारी माझ्या मनगटाला हळद लावता लावता त्यांनी मला सुजाताचं सांगितलं.

सुजाता त्यांची सून. दरेकशाकडची, जंगलाजवळच्या गावातली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिने सासूला एकदा सांगितलं की गॅसपाशी वास येतोय. मावशी म्हणाल्या, तुले तं सगळ्यातच वास येते. दोन दिवसांनी तिने पुन्हा सांगितलं, नळी उंदराने कुरतडल्यासारखी दिसते म्हणाली. मावशींनी पाहिलंसुद्धा नाही. "म्या म्हटलं, हे सिलिंडर संपू दे, नवीन येईल तवा पाहू. चालून राहिलं होतं ना. कायले हात लावाचा, असं वाटलं."

पौषातली सकाळ होती. थंडीमुळे दारं-खिडक्या बंद. सुजाता चहा ठेवायला गेली आणि तिने लायटर दाबला. मावशी अंगणात भांडी घासत होत्या. "आवाज नाही झाला मोठा," त्या म्हणाल्या. "गोधडी झटकल्यावानी झाला." सहाव्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात ती वारली. जाण्याआधी तिचा जबाब घ्यायला साहेब आले होते. तिने सांगितलं, माझ्याच हातून शेगडीचं बटण चालू राहिलं असेल, सासूचा काही दोष नाही.

सून जळाली म्हटलं की लोक सासूकडे पाहतात. तिरोड्यातही पाहिलं. जबाब काहीही असो, दारं लोटली गेली ती तेव्हापासून. "लोकं म्हणत, बुढीनं जाळलं," मावशी सांगत होत्या. "मी मनात म्हणो, जाळलंच ना. काडी नाही लावली, एवढंच."

मग त्यांनी जे केलं ते करण्यापासून घरातल्या सगळ्यांनी त्यांना अडवलं होतं. पंधरा दिवसांनी त्या एकट्या गाडीत बसून दरेकशाला गेल्या आणि सुजाताच्या आईच्या अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. तुझ्या पोरीनं दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ती खोटं बोलून गेली, मला वाचवायला. विहिणीने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि दार लावलं. त्यांच्याकडून तक्रार झाली नाही. "झाली असती तं बरं झालं असतं," मावशी म्हणाल्या. मुलगा मात्र ते ऐकल्यावर आईशी बोलेनासा झाला. रायपूरला काम धरलं आणि तिकडेच राहिला. महिन्याला एक फोन करी. "जेवली का" विचारी आणि ठेवून देई.

तेव्हापासून दरवर्षी सुजाताच्या तिथीला मावशी दरेकशाला जात. एका वर्षी त्यांना ताप होता म्हणून मी सोबत गेले. स्टेशनापासून चढाची वाट चालून गेलो. कुडाचं कुंपण, सारवलेलं अंगण, दारात एक उंच, वाळलेली बाई साठवणीतली मोहाची फुलं निवडत बसलेली. तीच विहीण. मावशी कुंपणाच्या आत दोन पावलं जाऊन उभ्या राहिल्या. त्या बाईने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. निवडणारा हात थांबला नाही. या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. अर्ध्या तासाने मावशी म्हणाल्या, "येतो, बाई," आणि आम्ही निघालो. वाटेत मी न राहवून म्हटलं, "मावशी, ती बोलत नाही तर कशाला येता?" त्या म्हणाल्या, "तिचं लेकरू गेलं. तिनं कायले बोलावं? मले पाहून तिले राग येते ना, तो कुठंतरी जायले पाहिजे."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मावशी आजारी पडल्या. वाचल्या, पण दम पुरेनासा झाला. बऱ्या होऊन पंधराएक दिवस झाले असतील, एका सकाळी त्या हातात कांदा घेऊन माझ्या दारात आल्या. "हा काप." मी कापला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ती फोड नाकाशी धरली, खूप वेळ धरली. "याले वास आहे का, बाई?"

"आहे की."

"मले नाही येत. कायचाच नाही येत."

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो आला नाही. कांदा दाखवला त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या सिलिंडरवर टोपण बसवलं आणि शेगडी माझ्या ओट्यावर आणून ठेवली. अंगणात तीन दगडांची चूल मांडली. धापा टाकत त्या धुरात भाकर थापत. मी म्हटलं, दोन्ही वेळा आमच्याकडे जेवा. रात्रीचं कबूल केलं, सकाळचं नाही. गल्लीतून फिरणं मात्र सोडलं नाही. आता मला सोबत नेत. वाटी त्यांच्या हातात, वास घ्यायचा मी, बुडबुडा पाहायचा मी. "आता तूच पाह्य," म्हणत. पुढे पुढे त्यांना गल्लीच्या टोकापर्यंतही चालवेना. मग मी एकटी जाऊन यायची आणि कुणाकडे काय सापडलं ते त्यांना सांगायची. मावशींना पाहून दार लोटणाऱ्या बायका माझ्यासाठी दार उघडतात, याचं मला फार अवघड वाटे.

साथीत गाड्या बंद होत्या, नंतर दम नव्हता. दोन वर्षं त्यांचं दरेकशाला जाणं झालं नाही. दुसऱ्या वर्षी ती तिथी आली तेव्हा त्या सकाळपासून पायात चपला घालून ओट्यावर बसल्या होत्या. मी रिक्षा बोलावते म्हटलं. त्या उभ्या राहिल्या, चार पावलं गेल्या आणि भिंतीला धरून परत बसल्या. त्यानंतर पंधरवड्यात त्या गेल्या. सकाळी चहा घेऊन गेले तर उठल्या नाहीत. मुलगा रायपूरहून आला. बुद्धविहारातल्या बायका आल्या. गल्लीतली बरीच माणसं आली, दार लोटणारीही आली.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. उंच, वाळलेली बाई, काखेत कापडी पिशवी. मला ओळखायला क्षणभर लागला. तिने मला ओळखलं नाही. म्हणाली, "बुढी दोन साल झाले आली नाही. बिमार आहे का?"

मी सांगितलं.

ती ओट्यावर बसली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं. पेला खाली ठेवून म्हणाली, "आखरीले काही बोलली का माह्यासाठी?"

खोटं बोलणं सोपं होतं. मला जमलं नाही. "झोपेतच गेल्या," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "इतके साल माह्या आंगणात उभी राहिली. एकदा तरी बस म्हणायले पाहिजे होतं." मग पिशवीतून तिने एक नवंकोरं लुगडं काढलं, घडी न मोडलेलं. "विहिणीले आणलं होतं," एवढंच म्हणाली. ते तिने मला दिलं नाही, परत पिशवीतही ठेवलं नाही. मांडीवर घेऊन संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत ती तशीच ओट्यावर बसून राहिली.