गोठ्यापर्यंतचे बांबू

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाने मला यांचे कॅलिपर आठवतात. शेळ्यांसाठी पाला तोडताना हे निंबाच्या झाडावरून पडले, मणका मोडला आणि कमरेखाली काही हलेना. जळगावच्या डॉक्टरांनी पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर दिले आणि धरून चालायला घरात दोन आडवे बांबू बांधा म्हणाले. यांनी ते अंगणात बांधून घेतले, थेट गोठ्यापर्यंत. रोज सकाळी मी कॅलिपरच्या दोन्ही गुडघ्यांना मशीनचं तेल घालायची. पोळ्याला सासूबाई बैल ओट्याशी आणू म्हणत होत्या, पण हे ऐकेनात. बांबू धरून, अंग झोकत, घामाघूम होऊन गोठ्याशी पोचले. मी पुरणपोळी पुढे केली. आमच्यात बैलाला घास दोन्ही हातांनी द्यायचा असतो. यांनी एक हात सोडला, मग दुसरा. पहिल्या बैलाने पोळी ओढून घेतली तरी हे उभेच. सासूबाई खुर्ची घेऊन धावल्या, "बठ आते, भाऊ." हे म्हणाले, "थांब माय, दुसरा बाकी शे." आता गोठ्याच्या जागी नातवाची मोटारसायकल असते आणि हे भिंतीवरच्या फोटोत. तरी मशीनला तेल घालून झालं की माझा हात अजून गुडघा शोधतो.