कागद धर जरा

आमचे हे फोटोग्राफर, आणि घरात माझा एक धड फोटो नाही. सांगितलं तर लोक हसतात. मला आता हसूही येत नाही.

गिऱ्हाईक आत यायच्या आधी लाइट लावून बघायचा असतो. त्यासाठी स्टुलावर कुणीतरी बसायला हवं, ते मी. "अगं, ये जरा, कागद धर." पांढरा कोरा कागद तोंडासमोर धरायचा, त्यावरून हे कॅमेऱ्यात रंग जुळवणार, की झालं. "ऊठ." गॅसवर दूध ठेवून आले असले तरी तेच. वीस वर्षं झाली.

आसपासचे सात स्टुडिओवाले आधी एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एकाने भाव पाडला की बाकीचे त्याच्या नावाने खडे फोडायचे. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, धंदा बसला, आणि हे सगळे रिकामे आमच्याच दुकानात येऊन बसायला लागले. चहा कोण करायचं ते विचारूच नका. त्यातून मंडळ निघालं. वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन, आणि खिळे ठोकायला आमचे हे सगळ्यांत पुढे.

यंदाचा विषय ठरला, 'घरचं माणूस'. मी बोलले काही नाही, पण मनात धरून बसले. निदान त्या भिंतीवर तरी आपलं तोंड दिसेल, असं वाटलं.

शेवटच्या आठवड्यात ह्यांनी सगळ्या हार्ड डिस्क उपसल्या. जेवायलाही उठेनात, म्हणून मी मागे जाऊन उभी राहिले. मी होते की! शेकड्यांनी होते. प्रत्येक कामाचा पहिला फोटो माझाच, आणि प्रत्येकात तोंडावर कागद.

"बस, आत्ता काढतो एक," हे म्हणाले.

"आत्ता आठवण झाली होय?" माझं डोकंच फिरलं. "नाही बसायचं मला. दमलेय मी." आणि खरंच, फार दमले होते.

प्रदर्शनाला जाणारच नव्हते. पलीकडचे स्टुडिओवाले भावजी घरी आले आणि हट्टाने घेऊन गेले.

भिंतीवर एका ओळीत बारा फोटो. बाराही कागदाचेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग जवळ जाऊन पाहिलं. कागद तसाच होता, बोटं बदलत गेली होती. पहिल्यात अंगठी, तिसऱ्यात नाही. ती मोठ्या लेन्सपायी गेली. पाचव्यात भाजल्याचा डाग. धाकटी लेक आजारी होती त्या वर्षीची नखं कुरतडलेली. शेवटच्यात सांधे सुजलेले, कागद दोन्ही हातांनी धरलेला. पूर्वी मी एका हाताने धरायचे. ह्यांनी हे सगळं पाहिलं कधी? मला तर एका शब्दाने म्हणाले नव्हते.

"आता वहिनींचा खरा फोटो काढा की, इथेच!" भावजी म्हणाले. सगळ्यांनी उचलून धरलं. हे कॅमेरा घेऊन समोर आले.

"बघ इकडे," म्हणाले.

कॅमेरा वर गेला, आणि माझा हातही. हातातलं प्रदर्शनाचं पत्रक थेट तोंडासमोर. सगळा हॉल हसला. मीही हसले.

"अगं, आज कागद नको. खाली घे."

घेता येईना. मी त्याच्यामागे रडत होते.