शुक्रवारचं रेकॉर्डिंग

आमच्या दुबईतल्या घरात एक पद्धत होती. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, नाश्ता झाला की मुलीला हॉलमधल्या पडद्यासमोर उभं करायचं, छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर तिचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं आणि ते पुण्याला आजी-आजोबांना पाठवायचं. आधी एक पाढा, मग शाळेतली एखादी बातमी, शेवटी "आम्ही मजेत आहोत." एरवी ती आम्हाला इंग्रजीतच उत्तरं द्यायची, पण ही दोन मिनिटं मराठी. चुकली की मी म्हणायचो, "यल्ला, चल, परत." चुकलेलं लगेच पुसून टाकायचो. पुण्याला जायचं ते फक्त चांगलं.

२००८ संपता संपता या रेकॉर्डिंगचं मला फारच महत्त्व वाटायला लागलं. दुबई बुडाली, अशा बातम्या तिकडे येत होत्या आणि वडील प्रत्येक फोनवर विचारायचे, तुझं ठीक आहे ना? ठीक नव्हतं. मी एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगला होतो. आमचे दोन टॉवर अर्ध्यात थांबले होते. क्रेन जागच्या जागी उभ्या होत्या, हलत नव्हत्या. दर गुरुवारी दुपारी कोणाला तरी एचआरमधून फोन यायचा आणि रविवारी ती खुर्ची रिकामी दिसायची. नोकरी गेली की व्हिसा जाणार आणि महिनाभरात देश सोडावा लागणार, हे सगळ्यांना पाठ होतं. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या बिल्डिंगखाली देश सोडून गेलेल्यांच्या, धुळीनं माखलेल्या गाड्या वाढत चालल्या होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी असली तरी तिथे गाडी लावायला मला नको वाटायचं.

जानेवारीत सासूबाई पडल्या. खुब्याचं ऑपरेशन होतं, म्हणून बायको सहा आठवड्यांसाठी पुण्याला गेली. घरात मी आणि नऊ वर्षांची मुलगी. आता शुक्रवारचं रेकॉर्डिंग बायकोही पाहणार होती.

दुसऱ्या शुक्रवारी मुलगी पडद्यासमोर उभी राहिली आणि तिनं डावा डोळा तळहातानं झाकला. मी म्हटलं, हात खाली घे. तिनं घेतला, पण मान तिरकी करून बघायला लागली. मी चिडलो. मग ती म्हणाली, "बाबा, धिस आय इज लाइक समवन रब्ड इट." सोफ्यावर एक लाल उशी होती. एका डोळ्यानं ती लाल दिसते आणि दुसऱ्यानं चहासारखी, असं तिनं मला आलटून पालटून डोळे झाकून दाखवलं. डोळा फिरवला की आत दुखतं, असंही सांगितलं.

मी आधी म्हटलं, कम्प्युटर कमी कर. मग मला गुरुवार आठवला. आमचा विमा कंपनीचा होता, त्याचे कागद एचआरकडूनच जायचे. घरात आजारपण असलेल्या माणसाचं नाव काढायच्या यादीत आधी येईल असं मला वाटलं. हे कोणी म्हटलं नव्हतं. मीच ठरवलं. मुलीला सांगितलं, आई तिकडे आजीच्या काळजीत आहे, तिला हे नको सांगायला, ती आली की बघू.

त्या दिवशी पाच टेक झाले. पाचव्यात मान सरळ होती, डोळे कॅमेऱ्यावर होते, तेराचा पाढा न अडखळता झाला. शेवटी तिनं कॅमेऱ्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. चांगलं झालं की नाही, ते ती नेहमी तसं बघून विचारायची. "खलास, परफेक्ट," मी म्हणालो. ती हसली. आधीचे चार मी पुसले.

असे आणखी दोन शुक्रवार गेले. मग एका सकाळी ती म्हणाली की उशी परत लाल झाली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिला बाहेर जेवायला नेलं. बायको परत आली तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ऑक्टोबरमध्ये ती ऊद मेथातल्या शाळेतून बसनं घरी आली तेव्हा उजवा पाय ओढत होती. घरात चालताना त्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि तिला ते कळलंही नाही. दोन दिवसांत तिला जिना चढता येईना. एमआरआयमध्ये मेंदूवर पांढरे डाग निघाले.

डॉक्टर जॉर्डनच्या होत्या, वयस्कर, सावकाश बोलणाऱ्या. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच मज्जातंतूंवरच्या आवरणावर उलटते, असं त्यांनी समजावलं. हे एकदाच झालं असेल तर पुष्कळ मुलं बरी होतात आणि पुन्हा काही होत नाही. पण आधीही होऊन गेलं असेल तर तो मल्टिपल स्क्लेरोसिस, जन्मभराचा, आणि मग औषध लगेच सुरू करायला हवं. डाग जुने की नवे, हे चित्रावरून नक्की सांगता येत नव्हतं. मी काय काम करतो, ते त्यांनी विचारून घेतलं होतं. म्हणाल्या, मोठ्या माणसात बांधून झालेली इमारत खराब होते, तुमच्या मुलीचा मेंदू अजून बांधला जातोय. जे पडतं तेवढंच जात नाही, जे पुढे उभं राहायचं तेही राहून जातं.

मग त्यांनी विचारलं, या वर्षातले काही घरचे व्हिडिओ आहेत का?

बायको लगेच म्हणाली, दर शुक्रवारचा आहे. दुसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉप नेला. डॉक्टरांनी जानेवारी-फेब्रुवारीचे सगळे पाहिले. सरळ मान, स्वच्छ नजर, तेराचा पाढा. "शी लुक्स वेल," त्या म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. याआधी डोळ्यांना, हातापायांना कधी काही झालं होतं का?

मुलीनं आधी माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याच्या वरून बघायची तसंच.

"नो," ती म्हणाली. "आय वॉज फाइन." आणि हसली.

मी तिला असं म्हणायला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज उरली नव्हती. बायकोचा हात माझ्या खांद्यावर होता. मी तोंड उघडलं असतं तर तो हात तिनं काढून घेतला असता, तेवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मी गप्प बसलो. डॉक्टरांनी फाइलमध्ये पहिलाच झटका असं लिहिलं, स्टेरॉइड दिलं आणि वाट पाहायला सांगितलं.

एप्रिलमध्ये ते परत आलं. या वेळी हात थरथरायला लागला, वाचताना ओळी सुटायला लागल्या. इंजेक्शनं तेव्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मी एकटा डॉक्टरांकडे गेलो आणि लाल उशीपासून सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. ऑक्टोबरमध्ये औषध सुरू केलं असतं तर हे टळलं असतं का, असं मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही कधी सांगता येणार नाही."

बायकोला मी खाली पार्किंगमध्ये सांगितलं. ती ओरडली नाही. धुळीनं भरलेल्या एका गाडीकडे बघत तिनं विचारलं,

"तू तिला नाही म्हणायला शिकवलं होतंस?"

"नाही."

"मग ती 'नाही' का म्हणाली?"

वर गेल्यावर तिनं कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

माझी नोकरी राहिली. अजूनही इथेच आहे. दरवर्षी मुलीचा स्कॅन व्हायचा आणि डॉक्टर मेंदूच्या वाढीच्या दोन रेषा दाखवायच्या, एक तिच्या वयाच्या मुलांची, एक तिची. तिचा मेंदू वाढत होता, पण दोन रेषांमधली जागाही वाढत होती. तेराचा पाढा तिला अजून पूर्ण येत होता, फक्त प्रत्येक आकड्याआधी थांबावं लागायचं. परीक्षेत जादा वेळ मिळायचा. ती पदवीधर झाली. आता एका ऑफिसमध्ये अर्धा दिवस काम करते आणि माझ्यापेक्षा जास्त हसते.

तपासणीला मीच नेतो. हल्लीचे डॉक्टर तरुण आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, कसं वाटतंय? ती थोडं थांबली. हे थांबणं आजाराचं आहे, हे मला माहीत आहे. पण थांबली असताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघितलं. "फाइन," ती म्हणाली, आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं.

परतताना सिग्नल लागला. आरशात दिसलं, मागच्या सीटवर ती सिग्नलच्या लाल दिव्याकडे बघत होती. तिनं डावा डोळा तळहातानं झाकला, मग उजवा. मी बघतोय हे लक्षात येताच हात मांडीवर ठेवला आणि हसली.

पुढच्या यू-टर्नला मी गाडी वळवली.

"बाबा, आय सेड आय ॲम फाइन."

"ऐकलं मी," म्हटलं, आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लागलो.