बोटीवर राहिलेले भाऊ

आमच्या घरी आले की भाऊ जॅकेट काढायचे नाहीत. "निघतोच आहे," म्हणायचे आणि सोफ्याच्या अगदी कडेला टेकायचे. मग चहा व्हायचा, दुसरा चहा व्हायचा, वहिनींचा फोन येऊन जायचा, आणि शेवटी भाऊ जॅकेट घालूनच आमच्या टेबलावर जेवायला बसायचे. हीटिंगमुळे कपाळावर घाम यायचा, पण चेन काही खाली यायची नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. निघायची घाई झालेला, आणि सगळ्यात शेवटी जाणारा.

इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये आम्ही एकाच रस्त्यावर राहायचो. माझा नवरा आणि ते तिथल्या ट्रेडिंग इस्टेट या उद्योगवसाहतीतल्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होते. ते नागपूरचे, आम्ही पुण्याचे, त्यामुळे थट्टेला विषयांची कमी नव्हती. नवीन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाला भाड्याची खोली, बँकेचं खातं, मुलांची शाळा, सगळं भाऊच मिळवून द्यायचे. "मी आहे ना बाप्पा," एवढंच म्हणायचे आणि कामाला लागायचे. मी कुणाचे उपकार पटकन मान्य करणाऱ्यांतली नाही, पण पहिल्या हिवाळ्यात आमचा बॉयलर बंद पडला तेव्हा स्वतःच्या घरचा हीटर काखोटीला मारून हा माणूस आमच्या दारात उभा होता, हे मी विसरलेली नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र पाऊल टाकलं की वाटायचं, ही मंडळी काल आलीत किंवा उद्या चाललीत. पडदे आधीच्या भाडेकरूचे. जेवणाचं टेबल घडीचं. मागच्या बागेत नुसतं गवत. वहिनींना तिथं गुलाब लावायचे होते. भाऊ म्हणायचे, आता कशाला, मार्चमध्ये परत तर जायचं आहे. मार्च कुठल्या वर्षाचा, हे कुणी विचारायचं नाही.

पुढे वहिनी आणि मुलगी ब्रिटिश नागरिक झाल्या. धावपळ सगळी भाऊंची. समारंभात सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांच्या, आणि नंतर नागपूरहून मागवलेली संत्रा बर्फीही त्यांनीच वाटली. स्वतः मात्र भारतीयच राहिले. आपल्याकडे दोन पासपोर्ट चालत नाहीत. इथला घेतला की तिकडचा सोडावा लागतो. माझ्या नवऱ्यानं एकदा त्यांना छेडलंच, की घरातले तिघं दोन देशांत कसे राहणार?

"आई आहे ना तिकडे," भाऊ म्हणाले. "एकुलता एक आहे मी. कधी निघावं लागेल, काही सांगता येते का?"

आम्हीही नुकतेच लालसर ब्रिटिश पासपोर्टवाले झालो होतो, त्यामुळे जरा ओशाळलोच.

बोटीची कल्पना निघाली वहिनींच्या चाळिसाव्या वाढदिवसावरून. टीव्हीवर भूमध्य समुद्रातल्या पांढऱ्या बोटी दिसल्या, की वहिनी हातातलं काम थांबवून बघत राहायच्या. भाऊंनी ते कधीतरी टिपलं असावं. मेमधली शाळेची सुट्टी, सीझन सुरू व्हायच्या आतलं भाडं, त्यांचे तिघं आणि आम्ही दोघं. इटलीतल्या एका बंदरातून कप्तानासकट बोट घ्यायची, पलीकडे क्रोएशियाच्या बेटांवर जायचं आणि परत यायचं. भाऊंनी आम्हा सगळ्यांचा इन्शुरन्स तपासला, उलटीच्या गोळ्या आणल्या, आणि स्वतःच्या युरोपच्या व्हिसासाठी लंडनला भल्या पहाटे जाऊन रांगेत उभे राहिले. आमचं काम फक्त टोप्या विकत घेणं.

बोट खरोखरच देखणी होती. पांढरीशुभ्र, लाकडी डेकची. कप्तान मार्कोनं चढतानाच सगळ्यांचे जोडे एका टोपलीत काढायला लावले, आणि भाऊ हरखून गेले. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की जिथं जोडे बाहेर काढतात ते लोक सुसंस्कृतच असणार. पहिल्या संध्याकाळी वहिनींनी खालच्या चिमुकल्या स्वयंपाकघरात खिचडी लावली. कुकरची शिट्टी झाली तसा मार्को सुकाणू सोडून धावत खाली आला. त्याला वाटलं, इंजिनाचं काहीतरी फुटलं. नंतर त्यानं तीनदा खिचडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका बेटावरच्या गावाला लागलो. काय गाव होतं म्हणून सांगू. धक्क्याला ओळीनं उभ्या शानदार बोटी, मागे पिवळसर दगडाची घरं, लाल कौलं, आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी. पांढऱ्या शर्टातला एक अधिकारी आला आणि आमचे पाचही पासपोर्ट घेऊन गेला. परत आला तेव्हा त्यानं चार आमच्या हातात ठेवले. पाचवा, भाऊंचा निळा, त्याच्याच हातात राहिला.

युरोपचा व्हिसा म्हणजे सगळ्या युरोपचा, असं भाऊंनी धरून चाललं होतं. क्रोएशिया तेव्हा त्यात येत नव्हता. आम्हा चौघांना व्हिसाच लागत नव्हता, त्यामुळे आमच्यापैकी कुणाच्या ते डोक्यातही आलं नाही. सगळ्यांच्या कागदांत डोकं घालणाऱ्या माणसाची चूक झाली ती स्वतःच्याच बाबतीत. मार्को त्या अधिकाऱ्याशी बराच वेळ बोलला. शेवटी ठरलं ते असं: बोट इटलीला परत जाईपर्यंत या गृहस्थांनी बोटीवरच राहायचं. कुठल्याही बेटावर पाय ठेवायचा नाही.

मुलगी रडकुंडीला आली. "बाबा, तुमची पासपोर्ट का नाही चेंज केली? सगळी हॉलिडे स्पॉइल झाली."

भाऊ हसले. आम्ही जावं, खुशाल फिरावं, सामानापाशी कुणीतरी हवंच असतं, असं म्हणत त्यांनी आम्हाला जवळजवळ ढकलूनच खाली उतरवलं.

आम्ही फिरलो. पण ते गाव इतकं चढावर होतं की कुठल्याही गल्लीतून वळून पाहिलं की खाली बोट दिसायची आणि डेकवर हात हलवणारे भाऊ. त्यांनी मार्कोची दुर्बीण मागून घेतली होती. आम्ही चौकात आइस्क्रीम घेतलं तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा मोबाइल वाजला. भाऊ विचारत होते, हिरवं कुठल्या फ्लेवरचं आहे? आम्ही हसून हसून बेजार झालो. पुढच्या बेटावर तर ते गाइडबुक घेऊन फोनवरून आम्हाला वाटा सांगू लागले, डावीकडे वळा, चर्च येईल, आत जाऊन बघा. संध्याकाळी आम्ही परतलो की प्रत्येकाकडून सगळं ऐकून घ्यायचे आणि वर म्हणायचे, त्यांनाही ते डेकवरून तसंच दिसलं.

अडकल्याच्या तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी दुर्बीण ठेवून दिली. माझं पोट बिघडलं होतं म्हणून मी डेकवरच्या बाकावर आडवी झाले होते. माझा नवरा आणि त्यांची मुलगी पुढे निघून गेले होते. वहिनी फळीवरून धक्क्यावर उतरल्या, आणि भाऊ फळीच्या या टोकाला उभे राहिले. समोर कॅफेत कुणीतरी गात होतं, माणसं उन्हात मजेत बसली होती. भाऊ म्हणाले की आता सहन होत नाही. सगळं समोर आहे आणि आपण नुसतं बघत बसायचं, जीव गुदमरतो.

वहिनी वळल्या. मी त्यांना आवाज चढवून बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही त्यांनी तो चढवला नाही.

"तुम्हाला तीन दिवस जड गेले. मी इतकी वर्षं अशीच बसले आहे, बॅग भरून. मला परत नाही जायचं हो. मार्चमध्ये नाही, आणि नंतरही नाही."

"आणि आई?"

"आईंकडे मी दर वर्षी जाऊन राहीन, त्या म्हणतील तितके दिवस. पण मला घर इथं हवंय. पडदे लावलेलं."

एवढं बोलून त्या एकट्याच गावात गेल्या. भाऊंना त्यांच्या मागे जाता येत नव्हतं. दोन पावलांची ती फळी, पण ती ओलांडायची त्यांना परवानगी नव्हती. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं, ते काही त्यांना फसवू शकलं नाही. थोड्या वेळानं ते माझ्या समोर येऊन बसले.

"मला वाटे, तीही माझ्यासारखी वाटच पाहून राहिली आहे," ते म्हणाले.

मला त्या दोघांचं फार वाईट वाटलं. इतरांच्या घरातलं सगळं ज्याला न सांगता कळायचं, त्याला स्वतःच्या बायकोच्या मनातलं कळायला बोटीवर अडकावं लागलं. मी उठून त्यांना पाणी दिलं, तेवढंच.

स्लाऊला परतल्यावर त्यांनी काही जाहीर केलं नाही. पण त्या हिवाळ्यात भाऊंनी नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते ब्रिटिश झाले. निळ्या पासपोर्टचा कोपरा कापून तो रद्द झाला. समारंभात या वेळी टाळ्या आम्ही वाजवल्या. वहिनींनी पिवळे पडदे लावले, बागेत गुलाबाची कलमं लावली, चांगलं दणकट टेबल आणलं. त्यानंतर भाऊ आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी जॅकेट काढून दाराशी अडकवलं. मीच गडबडले, त्यांना काही हवंय का म्हणून विचारत बसले.

परदेशी झालेल्या आपल्या लोकांना भारतात जाण्यासाठी आयुष्यभराचा व्हिसा देण्याची सोय तेव्हा नवीनच होती. वहिनींचं आणि मुलीचं ते काम भाऊंनी केलं. आमचंही त्यांनीच केलं, आमच्या फोटोंचा आकारसुद्धा स्वतः कापून बरोबर केला. त्यांचं स्वतःचं तेवढं राहिलं होतं. पुढच्या आठवड्यात करतो, म्हणाले होते.

गुड फ्रायडेच्या सकाळी वहिनींचा फोन आला. नागपूरला आई पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

आम्ही धावत गेलो. माझ्या नवऱ्यानं विमानं शोधली. दुपारच्या विमानात जागा होती. जागेचा प्रश्नच नव्हता. भाऊंच्या नव्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा नव्हता आणि ईस्टरच्या सुट्टीमुळे व्हिसाचं ऑफिस मंगळवारी उघडणार होतं. लागेल त्या नंबरवर फोन करून झाले. वहिनींना जाता येत होतं, मुलीला जाता येत होतं, आम्हा दोघांनासुद्धा जाता येत होतं. भाऊंना येत नव्हतं.

भाऊ टेबलाशी बसून नागपूरला चुलतभावाशी फोनवर बोलत होते. आवाज नेहमीचा, सगळ्यांची कामं करून देणारा. दाखल्यासाठी कुठल्या डॉक्टरांना बोलवायचं, कुणाकुणाला कळवायचं, आईची जांभळी नऊवारी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, हे सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं. वहिनी त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आम्हाला सगळे शब्द ऐकू आले नाहीत, पण ‘बर्फ’ एवढं कळलं. बर्फावर ठेवलं तर भाऊ येईपर्यंत थांबता येईल का, असं तो विचारत असावा.

"नको," भाऊ म्हणाले. "ऊन फार आहे तिकडे. तिला ताटकळत ठेवू नका. माझ्यासाठी थांबू नका. अग्नी तू दे."

दुपारी त्यांनी चुलतभावाला अंत्ययात्रा घरातून निघताना फोन चालू ठेवायला सांगितलं, स्पीकर लावला आणि मोबाइल टेबलावर मधोमध ठेवला. आधी बायकांचं रडणं ऐकू आलं, मग ते मागे पडलं. मग नुसता पावलांचा आवाज, मध्येच एखाद्या ऑटोचा हॉर्न, कुणीतरी कुणाला खांदा बदलायला सांगत होतं. पावलं सुरू झाली तसे भाऊ खुर्चीवरून उठले होते. स्मशानघाटावर पोहोचेपर्यंत ते त्या टेबलाशी उभे राहिले, आणि मध्येच एकदा त्यांनी उजवा खांदा किंचित खाली केला.